बिंदू क्रमांक सात

शाहू महाराजांच्या आरक्षणाची गोष्ट सांगताना पागेतल्या घोड्यांचा प्रसंग हमखास सांगितला जातो. २६ जुलै १९०२ चा जाहीरनामाही बहुतेकांना ठाऊक असतो. करवीर संस्थानात यापुढं भरल्या जाणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असा तो हुकूम. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. पण त्या जाहीरनाम्यात आणखी दोन सूचना आहेत, त्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांतल्या अंमलदारांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गांतून व्हावी, ही एक. आणि या हुकुमानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करावं, ही दुसरी.

ही पत्रकाची सूचना मला हुकुमाइतकीच मोलाची वाटते. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ पैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. नव्या नेमणुका त्यांच्याच सहीनं होणार होत्या. अशा ठिकाणी नुसता हुकूम काढला तर तो दप्तरात पडून राहतो. त्याचा हिशेब मागावा लागतो. अवघ्या २८ वर्षांच्या राजाला हे पुरतं उमगलं होतं.

आरक्षणाचा वाद आपण न्याय, समता, गुणवत्ता अशा मोठ्या शब्दांत घालतो. ते शब्द खरेच आहेत आणि त्यांच्यावाचून वादाला अर्थही नाही. पण प्रत्यक्षात कुणाच्या घरी पगार येणार हे ठरतं ते आस्थापना शाखेतल्या एका नोंदवहीत. तिचं सरकारी नाव बिंदुनामावली. स्वातंत्र्यानंतर या विषयावरच्या अनेक मोठ्या न्यायालयीन लढाया तिच्याच रकान्यांवरून झाल्या आहेत, आणि संविधानानं दिलेलं वचन पाळलं गेलं की मोडलं, हे कळायचं तर ती उघडावीच लागते.

नोंदवहीची रचना साधी असते. प्रत्येक पदाला एक क्रमांक, म्हणजे बिंदू. बिंदूपुढं प्रवर्ग, मग त्यावर नेमलेल्या व्यक्तीचं नाव, जात, नेमणुकीची तारीख, जात वैधता प्रमाणपत्राचा तपशील. महाराष्ट्रात विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष, म्हणजे कचेऱ्यांच्या बोलण्यातला ‘मावक’, ही नामावली तपासतो, आणि त्याचा शिक्का बसल्याशिवाय भरतीची जाहिरात काढता येत नाही. कुठला बिंदू कुणाचा, हे भागाकारानं ठरतं. केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. शंभराला पंधरानं भागलं की ६.६७ येतात, म्हणून पहिली जागा सातव्या बिंदूवर. इतर मागासवर्गाचे २७ टक्के, म्हणून चौथा, आठवा, बारावा बिंदू. अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के, म्हणून थेट चौदावा. पहिले तीन बिंदू खुले. खुले म्हणजे सगळ्यांना खुले. ‘ओपनच्या जागा आमच्या’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते चुकतं. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीत खुल्या महिलांच्या यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिलांना ‘तुमची जागा तुमच्या प्रवर्गात’ म्हणून बाहेर ठेवलं गेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, न्या. उदय लळित यांनी लिहिलेल्या निकालात, ही पद्धत मोडीत काढली. खुला प्रवर्ग हा कुणा जातींचा राखीव कोटा नाही, हे तेव्हा पुन्हा एकदा सांगावं लागलं.

चक्राकार वाटपाची कल्पना मद्रास प्रांतात जुनी. १९२१ च्या आणि पुढं १९२७ पासून अमलात आलेल्या ‘कम्युनल जीओ’ या सरकारी आदेशानं दर बारा जागांची वाटणी केली होती: पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना, एक दलितांना. प्रत्येकाचा वाटा ठरलेला, खुलं काहीच नाही. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही व्यवस्था रद्द केली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं आणि शिक्षणातल्या आरक्षणाला पाया मिळाला. नोकऱ्यांसाठीचं कलम १६(४) मुळातच होतं.

त्या कलमावर ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दिलेलं उत्तर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं सांगतात. संधीची समानता हे तत्त्व आणि आजवर कारभाराबाहेर ठेवलेल्या समाजांना आत घेण्याची गरज, या दोन्हींचा मेळ घालायचा तर राखीव जागा अल्प प्रमाणात असाव्यात, ७० टक्के जागा राखून ३० टक्के खुल्या ठेवल्या तर समान संधीच्या तत्त्वाला अर्थ उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. निश्चित आकडा त्यांनी दिला नाही. तो दिला सर्वोच्च न्यायालयानं, १९६२ मध्ये, म्हैसूर राज्याच्या बालाजी खटल्यात. तिथं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतलं आरक्षण ६८ टक्क्यांवर गेलं होतं. निकाल लिहिणारे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. ढोबळमानानं आरक्षण ५० टक्क्यांच्या आत असावं, असं त्यांनी म्हटलं. कोल्हापुरात ५० हा आकडा ‘इतक्यापर्यंत तरी पोचा’ म्हणून आला होता. साठ वर्षांनी तोच आकडा ‘यापुढं जाऊ नका’ म्हणून आला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर मोहोर उठवली, अगदी अपवादात्मक परिस्थितीची एक फट ठेवून.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या घरांतही तितकाच पक्का आहे. ‘बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं’ हे विधान नोकरी आणि शिक्षणाच्या बाबतीत खोटं आहे. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांमधल्या राखीव मतदारसंघांची आहे. संसदेनं ती वेळोवेळी वाढवली. १०४ व्या घटनादुरुस्तीनं ती जानेवारी २०३० पर्यंत गेली. कलम १६(४) ला तारीख नाही, कसोटी आहे: त्या वर्गाला राज्याच्या सेवांत पुरेसं प्रतिनिधित्व मिळालं आहे का? म्हणजे पुन्हा मोजणी आली.

मोजायचं काय, यावरून पहिली मोठी ठिणगी पडली १९६३ मध्ये. तेव्हा केंद्रात अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून साडेसतरा टक्के जागा राखीव होत्या, पण त्या भरल्या जात नसत. न भरलेल्या जागा दोन वर्षं पुढं नेण्याचा नियम होता. १९६१ मध्ये केंद्रीय सचिवालयातल्या सहायक अधीक्षकांच्या ४५ जागा भरल्या गेल्या आणि साचलेला अनुशेष धरून त्यांतल्या २९ राखीव ठरल्या. देवदासन नावाच्या उमेदवारानं आव्हान दिलं. एका वर्षात ६४ टक्के आरक्षण झालं, म्हणून न्यायालयानं पुढं नेण्याचा नियमच रद्द केला. न्या. सुब्बाराव यांनी एकट्यानं वेगळा निकाल दिला. मला त्यांचीच बाजू पटते. वर्षाचा हिशेब मांडला तर ६४ टक्के दिसतात हे खरं, पण आधीच्या वर्षांत ज्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या किंवा इतरांना दिल्या, त्यांचं देणं कुठल्या वर्षात धरायचं? एखादी थकबाकी एकाच महिन्यात वसूल झाली म्हणून त्या महिन्यात जास्त दिलं, असं कुणी म्हणत नाही. हा प्रश्न संसदेनं सोडवला तो ८१ व्या घटनादुरुस्तीनं, २००० साली: अनुशेषाच्या जागा त्या वर्षाच्या ५० टक्क्यांत धरायच्या नाहीत. मधली ३७ वर्षं ज्यांनी अर्ज भरले, त्यांना अर्थातच परत देता येण्यासारखं काही नव्हतं.

दरम्यान १९९५ मध्ये आर. के. सभरवाल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी नोंदवहीच्या मुळाशी हात घातला. टक्केवारी रिक्त होणाऱ्या जागांवर मोजायची नाही, संवर्गातल्या, म्हणजे एका दर्जाच्या पदांच्या गटातल्या, एकूण पदांवर मोजायची. एकदा सगळे बिंदू भरले की चक्र थांबतं. पुढं ज्या प्रवर्गाची व्यक्ती निवृत्त होईल, त्याच प्रवर्गातून तिची जागा भरायची. राखीव प्रवर्गातला जो उमेदवार गुणांवर खुल्या जागेत आला, तो राखीव कोट्यात धरायचा नाही. या निकालानं दोन्ही बाजूंच्या तक्रारींतला मोठा भाग निकाली काढला. आरक्षण अमर्याद वाढतच जाईल ही भीती मिटली, आणि राखीव जागा चुपचाप खुल्यात वळवण्याची वाटही अरुंद झाली.

अरुंद झाली, बंद झाली नाही. कारण ‘संवर्ग’ केवढा धरायचा हा प्रश्न शिल्लक होता. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं निकाल दिला की विद्यापीठातल्या शिक्षकांच्या आरक्षणासाठी अख्खं विद्यापीठ नव्हे, तर प्रत्येक विभाग वेगळा घटक धरावा. विद्यापीठ अनुदान आयोगानं ५ मार्च २०१८ ला तसे आदेश काढले. तर्क वरवर सरळ वाटतो: मराठीचा प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवू शकत नाही, मग दोघांची एकत्र मोजणी का? याचं उत्तर गणितात आहे, आणि ते मांडून पाहण्यासारखं आहे.

समजा एका विद्यापीठात ३० विभाग आहेत आणि प्रत्येकात एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक, चार सहायक प्राध्यापक आहेत. एकूण २१० पदं. अख्खं विद्यापीठ एक घटक धरून संवर्गनिहाय मोजलं तर अनुसूचित जातींना ३१, जमातींना १५ आणि ओबीसींना ५६ जागा येतात. मिळून १०२. आता विभागवार मोजू. प्राध्यापकाचं पद एकच, म्हणजे बिंदू एक, खुला. सहयोगी प्राध्यापकांची पदं दोन, दोन्ही बिंदू खुले. सहायकांची चार, त्यांतला चौथा बिंदू ओबीसींचा. तीसही विभागांत हेच. म्हणजे ओबीसींना ३० जागा, अनुसूचित जातींना शून्य, जमातींना शून्य. चार पदांच्या संवर्गात चक्र पुढं सरकतं ते कुणी निवृत्त झाल्यावर; तिसरा माणूस निवृत्त होईल तेव्हा कुठं सातवा बिंदू येणार. चौदावा बिंदू येईपर्यंत दहा निवृत्त्या व्हाव्या लागतील. टक्केवारीला कुणी हातही लावला नाही. कायद्यात १५, साडेसात आणि २७ तसेच राहिले. फक्त मोजण्याचा घटक लहान केला, आणि १०२ जागांच्या ३० झाल्या.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा निकाल टिकला. मग विद्यापीठांत आंदोलनं झाली, ७ मार्च २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा करून अख्खी संस्था हा घटक पुन्हा कायम केला. आरक्षणावरची एवढी महत्त्वाची लढाई वर्तमानपत्रांत ‘तेरा बिंदू रोस्टर’ अशा बोजड नावानं आली, त्यामुळं ती ज्यांच्या पोटावर येणार होती त्यांतल्याही अनेकांना समजली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गुणवत्तेचा प्रश्न मी टाळत नाही. राखीव जागांवरून आलेली माणसं कामात कमी पडतात आणि देशाचं नुकसान होतं, हा आक्षेप तपासण्याजोगा आहे, आणि तो तपासला गेला आहे. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या विभागांची १९८० पासूनची दोन दशकांची आकडेवारी घेऊन अभ्यास केला. रेल्वे निवडण्याचं कारण उघड आहे: कर्मचारी लाखांत, आरक्षण दीर्घकाळ लागू, आणि केलेलं काम टन-किलोमीटरमध्ये मोजता येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण जिथं जास्त, तिथं उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वरच्या, म्हणजे अ आणि ब श्रेणीच्या पदांवर त्यांचं प्रमाण वाढलं तिथं काही बाबतींत कामगिरी सुधारलेलीच दिसली. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आरक्षण नसतं तर निवड निव्वळ गुणांवर झाली असती, हे गृहीतकही तपासलं गेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लीम नावांना एक-तृतीयांश. तिथं बिंदुनामावली नव्हती, आरक्षण नव्हतं, उमेदवाराचा चेहराही कुणी पाहिला नव्हता.

आरक्षणावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला दुसरा वाटतो, आणि तो आतल्या माणसांचा आहे. लाभ कुणाकडं साचतो? ओबीसींच्या उपवर्गीकरणासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या रोहिणी आयोगानं केंद्रातल्या सुमारे १ लाख ३० हजार नोकऱ्या आणि प्रवेश तपासले. ९७ टक्के जागा २५ टक्के ओबीसी जातींकडं गेल्या होत्या आणि ९८३ जातींना एकही जागा मिळाली नव्हती. एकही नाही. अनुसूचित जातींमध्येही हाच प्रश्न मातंगांसारखे समाज अनेक वर्षं विचारत आहेत. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं, सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं, अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली. न्या. भूषण गवई यांनी, जे स्वतः अमरावतीच्या दलित कुटुंबातून आलेले, अनुसूचित जातींतही पुढारलेल्यांना वगळण्याचा विचार व्हावा असं लिहिलं. त्यावरून दलित चळवळीत दुफळी आहे. अस्पृश्यतेचा डाग पगारानं पुसला जात नाही, हे म्हणणं मला खरं वाटतं. पण ज्या वस्तीत अजून पहिला पदवीधर व्हायचा आहे तिला थांबायला सांगणंही मला मान्य नाही.

तरी उपवर्गीकरण करणाऱ्यांनी नोंदवही समोर ठेवावी. महाराष्ट्राला त्याचा अनुभव आहे. इथं विमुक्त जाती ‘अ’ला ३ टक्के, भटक्या जमाती ‘ब’ला अडीच, ‘क’ला साडेतीन, ‘ड’ला २ टक्के असे वाटे वेगळे आहेत. २ टक्के म्हणजे पन्नास पदांमागं एक. अडीच टक्के म्हणजे चाळीस पदांमागं एक. राज्यातला अनुसूचित जातींचा १३ टक्के वाटा उद्या चार भागांत सारखा वाटला, तर प्रत्येकाचा बिंदू तीस-एकतीस पदांनंतर येईल. बारा पदांच्या संवर्गात तो कधी यायचा? वाटे जितके बारीक, तितका घटक मोठा धरावा लागेल, जिल्ह्याऐवजी विभाग किंवा राज्य. ही तजवीज केली नाही तर उपवर्गीकरणाचा आदेश निघेल, सत्कार होतील, आणि नेमणूक होणार नाही.

मराठा आरक्षणाच्या लढ्यातही सगळी चर्चा टक्क्यांची झाली. २०१८ च्या कायद्यानं १६ टक्के दिले, उच्च न्यायालयानं ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ वर आणले, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं कायदाच रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. राज्यातलं मूळचं ५२, आर्थिक दुर्बल घटकांचं १० आणि हे १०, म्हणजे बेरीज ७२. कोरडवाहू मराठवाड्यातल्या, दोन एकरांवर चार भावांचं घर चालवणाऱ्या पोराची निराशा खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांविषयी मला राग आहे. पण त्याला दहा टक्के कशाचे मिळणार, हे त्याला कुणी सांगत नाही.

कारण पदंच नामावलीच्या बाहेर चालली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगानं सहसचिव, संचालक आणि उपसचिव दर्जाच्या ४५ जागा थेट बाहेरून भरण्याची जाहिरात दिली. त्यांत आरक्षण नव्हतं, कारण प्रत्येक पद स्वतंत्र, एकाकी मानलं होतं, आणि एका पदाच्या संवर्गाला आरक्षण लागू होत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ठरवलेलं आहे. तीन दिवसांत जाहिरात मागं घेतली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खासगी एजन्सींमार्फत शासकीय कार्यालयांत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता, तोही ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला. पण कंत्राटी पद्धत काही त्या एका निर्णयानं सुरू झाली नव्हती आणि तो रद्द झाल्यानं संपलीही नाही. रुग्णालयातले सफाई कामगार, पंचायत समितीतले संगणक चालक, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट पात्र शिक्षक, यांना कायम पदाचा बिंदू नसतो. केंद्राच्या नियमानुसार ४५ दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे, पण माणूस एजन्सीचा असला की तो सरकारनं नेमलेला ठरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा परिषदेनं, विद्यापीठानं आणि महामंडळानं आपली बिंदुनामावली संवर्गवार आकड्यांसह संकेतस्थळावर ठेवावी: मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रवर्गवार अनुशेष किती आणि कधीपासूनचा. त्याच पानावर कंत्राटी आणि एजन्सीमार्फत राबणाऱ्यांचे आकडेही प्रवर्गवार द्यावेत. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सार्वजनिक कार्यालयांना माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगतंच. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. हे आकडे समोर आले की नव्या टक्क्यांची मागणी करणाऱ्यांनाही आणि तिला विरोध करणाऱ्यांनाही कळेल की आपण नेमक्या किती जागांसाठी एकमेकांसमोर उभे आहोत.